एकोणिसावी चिठ्ठी

इस्रायलला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामावर जाण्याआधी मी आमच्या वसईतल्या धर्मग्रामात चौदा वर्षं मुलांना धर्मशिक्षण शिकवत होते. सात सद्गुण मला झोपेतही पाठ होते. श्रद्धा, आशा, प्रीती, मग विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. एखादं मूल अडखळलं की मी डोळे मिटून पुढचा शब्द सांगायचे. डोळे मिटले की मी फार सात्त्विक दिसते असं एका मुलाच्या आईने एकदा म्हटलं होतं, तेव्हापासून ती सवयच लागली. नम्रतेचा धडा तर माझ्याइतका चांगला कोणीच घेत नाही, असं मला अगदी मनापासून वाटायचं. त्यात काही विसंगत आहे हे माझ्या ध्यानात यायला मला समुद्रापार जावं लागलं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, दोन्ही मुलं कॉलेजात होती, आणि गावातल्या एक-दोघी आधीच तिकडे जाऊन स्थिरावल्या होत्या. जायचं कारण एवढं सरळ होतं. पण मी मात्र सगळ्यांना सांगताना आवाज खाली आणून म्हणायचे, "प्रभूच्या भूमीत बोलावणं आलंय." परिणाम असा झाला की निघायच्या आदल्या रविवारी मिस्सा संपल्यावर लोक माझ्या हातात चिठ्ठ्या देऊ लागले. येरुशलेमला प्रभूच्या कबरीपाशी या ठेव, आमच्यासाठी तिथे प्रार्थना कर, असं सांगून. घडी घातलेल्या, काही स्टेपल केलेल्या. एका म्हाताऱ्याने तर आपली चिठ्ठी माझ्या पाठीवर हात फिरवत दिली. मी प्रत्येक चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, आणि प्रत्येक वेळी डोळे मिटले. एकूण एकोणीस. मी त्यांच्यासाठी लाल मखमलीची छोटी पिशवी शिवली.

शेवटची चिठ्ठी माझ्या धाकट्या जावेने दिली. आमचं घर एकच, चुली दोन. तिचं आणि माझं भांडण असं कधी झालं नव्हतं, कारण भांडायला दोघींनी बोलावं लागतं, आणि आमच्या घरात मी बोलायचे. तिच्या कालवणात चिंच जास्त पडली की मी सांगायचे. तिने तेर्साला, म्हणजे संध्याकाळच्या जपमाळेला, चुकीच्या दिवशीचं रहस्य धरलं की मी मधेच थांबवायचे. हे सगळं तिच्या भल्यासाठी. तिने चिठ्ठी दिली आणि आत गेली.

मला लागलेलं घर तेल अवीवजवळच्या रामल्यात होतं. बाई एक्याऐंशीच्या, मूळच्या ठाण्याच्या, बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू. साठच्या दशकात नवऱ्याबरोबर तिकडे गेलेल्या. ठाण्याला असताना शाळेत मास्तरीण होत्या, तिथे गेल्यावर फळं डबाबंद करायच्या कारखान्यात राबल्या. आता उजवं अंग लुळं पडलेलं. त्यांना मराठी बोलणारीच बाई हवी होती, म्हणून माझा नंबर लागला. त्या मला बाय म्हणायच्या, मी त्यांना मावशी. त्यांची मुलगी पन्नाशीची, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. तिला आईचं मराठी जवळजवळ सगळं कळायचं, पण उत्तर ती हिब्रूत द्यायची. आई मराठीत विचारतेय, मुलगी हिब्रूत सांगतेय, असा त्यांचा संसार चालला होता आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात, मावशी दुपारच्या झोपल्या असताना, मी पिशवी उघडली आणि सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं की कबरीपाशी त्या नीट क्रमाने ठेवायला हव्यात. आजारपणाच्या आधी, लग्नाच्या नंतर, अशा. मध्यस्थी करणाऱ्याला अर्ज कशाबद्दल आहे ते माहीत नको का? स्टेपल मी नखाने काढले. पहिल्या चार-पाच वाचून झाल्यावर क्रम वगैरे विसरले आणि नुसती वाचत सुटले. कोणाचा मुलगा पितो, हे ठाऊक होतं. कोणाच्या सुनेचं पोट दोनदा पडलं होतं, हे ठाऊक नव्हतं. आमच्या देवळात सगळ्यात पुढच्या बाकावर बसणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं की प्रार्थना करताना मला काहीच वाटत नाही, तीस वर्षं झाली, मला काहीतरी वाटू दे. ती वाचताना मात्र मी थोडी शरमले. लगेच पुढची उघडली.

सगळ्यात शेवटी जावेची. तिचं अक्षर शाळेतल्या मुलीसारखं. लिहिलं होतं, "हे प्रभू, माझ्या मोठ्या जाऊबाईंची तब्येत तिकडे चांगली ठेव. आणि त्यांचा ताठा थोडा उतरू दे, म्हणजे त्या परत आल्यावर आमचं पटेल."

मी ती तीनदा वाचली. ताठा. मला. चौदा वर्षं मुलांना नम्रता शिकवणाऱ्या बाईला. मी घडी घातली, पिशवीत टाकली, आणि त्या दिवशी मावशींची खिचडी करपली.

त्यानंतर पाच महिने मी येरुशलेमला गेले नाही. माझी सुट्टी शनिवारी असायची. शनिवार म्हणजे शब्बात, त्या दिवशी बस नाही, रेल्वे नाही. पण दहा माणसांची सामायिक टॅक्सी धावायची, तिला शेरूत म्हणतात, आणि तेल अवीवला एकदा बदलली की येरुशलेम काही लांब नव्हतं. शिवाय मी दर शनिवारी संध्याकाळी याफाला इंग्रजी मिस्सेला जातच होते. घरून फोनवर विचारायचे, गेलीस का? मी म्हणायचे, इकडची परिस्थिती तुम्ही टीव्हीवर बघताच. ते खोटं नव्हतं. बसमध्ये स्फोट होत होते, लोक खरंच घाबरून होते. कधी म्हणायचे, आत्म्याची तयारी झाल्याशिवाय अशा जागी जाऊ नये. खरं कारण एवढंच होतं की ती एक चिठ्ठी मला पोचवायची नव्हती, आणि अठरा पोचवून एक मागे ठेवायची हिंमतही नव्हती.

शेवटी नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला, घरून विचारणा वाढली, आणि मी ठरवलं की या शनिवारी जायचंच. शुक्रवारी सकाळी लाल पिशवी माझ्या जाड स्वेटरच्या खिशात ठेवली. शुक्रवार त्या घरात फार घाईचा. सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक, आंघोळी, कपडे, सगळं आटपायला लागायचं. मावशींना सूप भरवताना त्यांचा डावा हात लागला आणि अर्धा वाडगा माझ्या अंगावर आला. मी स्वेटर काढला, चादरींबरोबर मशीनमध्ये कोंबला, साठ डिग्रीवर लावला आणि पुढच्या कामाला लागले.

दीड तासाने झाकण उघडलं तेव्हा पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या होत्या, आणि सगळ्यांवर कागदाचा बारीक लगदा चिकटला होता. पिशवीत हात घातला तर ओल्या भाताचा गोळा असावा तसं काहीतरी हाताला लागलं. मी तिथेच न्हाणीघराच्या फरशीवर बसले.

मावशींनी हाक मारली, उत्तर मिळालं नाही म्हणून पुन्हा मारली. मी गोळा हातात घेऊनच त्यांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. एका गावाने विश्वासाने दिलेल्या प्रार्थना मी साबणाच्या पाण्यात धुऊन टाकल्या. मला रडू येत होतं. त्यांची मुलगी तिथेच कपाट आवरत होती. ती हिब्रूत काहीतरी बोलली.

"ती काय म्हणते?" मी विचारलं.

"ती म्हणते, घरी फोन कर आणि परत विचार सगळ्यांना."

"नको," मी म्हटलं. "मग कळेल ना मी काय केलं ते."

मावशींनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "म्हणजे बाय, तुला प्रार्थनांची फिकीर नाही. तुझ्या अब्रूची आहे."

गोळ्यातलं पाणी फरशीवर ठिबकत होतं, ते मी पायाने पुसलं.

"एक सांग," त्या म्हणाल्या, "तू वाचल्या होत्यास काय त्या?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण त्या ठाण्याला वर्षानुवर्षं वर्गातल्या मुलांकडे बघत आलेल्या. मी मान हलवली.

"किती?"

"सगळ्या."

"फर्स्ट क्लास. मग रडतेस काय? वही घे. मेणबत्त्या लावायला दीड तास आहे. त्याच्यानंतर या घरात पेन उचलायचं नाही, माझ्यासमोर तरी नाही. बस आणि लिही."

मी त्यांच्या नातीची जुनी वही घेतली, त्यांच्या पलंगाशी स्टुलावर बसले आणि आठवून आठवून लिहू लागले. माझा चोंबडेपणा इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाच्या उपयोगी पडत होता. मी ओळ लिहायचे आणि मोठ्याने वाचायचे. मावशी डोळे मिटून ऐकायच्या. मी मिटायचे तसे नव्हे, थकलेल्या माणसासारखे. मधेच त्या शुद्धलेखन सुधारायच्या. "आजीबात नव्हे, अजिबात. देवाला कळेल, पण मला सहन होत नाही." मुलाच्या दारूबद्दल लिहिलं, सुनेबद्दल लिहिलं. एका घरच्या विहिरीला खारं पाणी लागलं होतं, बागायत जळायला आली होती, ते लिहिलं. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांचं वाचलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हा माणूस चांगला आहे. काही वाटत नाही तरी तीस वर्षं जातोय." मला त्यांच्याबद्दल आतापर्यंत फक्त एवढंच वाटत होतं की बघा, वरून केवढा भाविक आणि आतून कोरा.

लिहिता लिहिता मी म्हटलं, "पण मावशी, मूळ चिठ्ठ्या तर गेल्या. त्यांनी आपल्या हाताने लिहिल्या होत्या. आता या माझ्या अक्षरातल्या देवापर्यंत पोचतील का?"

"त्या तर कधीच पोचल्या," मावशी म्हणाल्या. "तिथे बसून लिहिताना त्यांनी मागितलं ना? मग देवाने ऐकलं. तू मधली पोस्टमन. पाच महिने टपाल घरात ठेवलेली पोस्टमन."

मला राग आला. स्वतःला मी मध्यस्थ समजत होते, आणि यांनी मला खाकी कपडे चढवले. पण मी वर्गात मुलांना हेच शिकवत होते, आपण तोंड उघडायच्या आधी देवाला आपली गरज ठाऊक असते. परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्नही घालायचे.

वरच्या मजल्यावरून मुलगी मेणबत्त्यांचं तबक घेऊन आली. बाहेर उजेड उतरत होता. मी वही मिटली आणि म्हटलं, "झालं."

"किती झाल्या?"

"सगळ्या."

"अठरा झाल्या," मावशी म्हणाल्या. "मी मोजते आहे. आल्यापासून तू मला वीस वेळा तरी सांगितलं असशील की एकोणीस माणसांनी माझ्यावर भरवसा टाकला."

मी म्हटलं एक आठवत नाही. त्यांनी नुसतं बघितलं. मुलगीही काडेपेटी हातात धरून थांबली.  मग मी वहीकडे बघत जावेची चिठ्ठी शब्दन्‌शब्द म्हणून दाखवली. ताठा हा शब्द मुलीला कळला नसावा, तिने आईला विचारलं. मावशींनी डावा हात उचलला, मान जेवढी वर जाईल तेवढी केली, हनुवटी पुढे काढली आणि नाकावरून खाली पाहिलं. मुलगी हसली. मला वाटलं होतं ती सभ्यपणे थांबेल, पण तिला बराच वेळ हसू आवरेना. म्हणजे या घरातही सगळ्यांना ठाऊक होतं.

"ही पहिली लिही," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांच्या वर. लवकर."

मी लिहिली. मुलीने मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला, आणि मी पेन खाली ठेवलं.

येरुशलेमच्या आधी मला कुमसार, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली, करायचा होता, म्हणून त्या शनिवारी मी याफालाच गेले. तिथले फादर म्हातारे होते, कानाला कमी ऐकू यायचं, आणि त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच जेमतेम. मी जाळीशी तोंड नेऊन सांगितलं, "फादर, आय वॉश्ड द प्रेयर्स."

त्यांनी वॉश्डच्या ऐवजी वॉच ऐकलं. प्रभूने शिष्यांना जागं राहून प्रार्थना करायला सांगितलं होतं, ते मी केलं असा त्यांचा समज झाला. ते माझी स्तुती करू लागले. हल्ली असे आत्मे कुठे भेटतात, वगैरे. खोटं कशाला सांगू, मी दोन मिनिटं ऐकून घेतलं. पापनिवेदनाला गुडघे टेकून बसले असतानाही कोणी चांगलं म्हटलं की मला बरं वाटत होतं. मग मात्र हाताने कपडे चोळायचा अभिनय करून मी सगळं समजावलं. चिठ्ठ्या वाचल्या, पाच महिने दडवल्या, जावेवर राग धरला.

 मग फादर म्हणाले की देवाने तुझ्या पापातूनसुद्धा त्या लोकांची सोय केली, याचा अर्थ पाप चांगलं होतं असा घेऊ नकोस. मी नेमका तोच अर्थ घेतला होता. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी जावेसाठी रोज एक स्वर्गीय पित्याची प्रार्थना सांगितली. एक महिना.

मला ते फारच किरकोळ वाटलं. मी विचारलं, "फादर, मी येरुशलेमला अनवाणी क्रूसवाट करू का? चौदाही स्थानकं?"

"नको," ते म्हणाले. "तू ते गावभर सांगशील."

पुढच्या शनिवारी मी गेले. त्या काळात यात्रेकरू फार येत नसत, त्यामुळे कबरीपाशी रांग छोटीच होती. मी वर्षानुवर्षं मनात ठरवून ठेवलं होतं की आत शिरताच माझे डोळे भरून येतील. तिथला आतला दरवाजा फार ठेंगणा आहे, नीट वाकून आत जावं लागतं. मी वाकले, पण मला वाटलं तेवढं वाकले नव्हते. कपाळ दगडावर असं आपटलं की बाहेरच्या बाईनेही हाय म्हटलं. आत मंद दिवे. मी वहीचा कागद काढला, आणि तेव्हा कळलं की वाचायचा चष्मा रामल्याला राहिला. अठरा माणसांची दुःखं मला तोंडपाठ होती, त्यातलं एकही त्या क्षणी आठवेना. दारातल्या साधूने हलक्या हाताने खूण केली, वेळ झाली. मला फक्त सगळ्यात वरची ओळ आठवत होती. मी संगमरवरावर कपाळ टेकलं, दुखत होतं तिथे गार लागलं, आणि तेवढीच म्हटली. माझा ताठा थोडा उतरू दे. तब्येतीचं राहूनच गेलं.

बाहेर एका खांबाला टेकून बसले तशा बाकीच्या सगळ्या एकामागून एक आठवल्या. तिथेच बसून म्हटल्या. सुनेच्या वेळी डोळे खरंच भरून आले, पण तेव्हा बघायला कोणी नव्हतं.

रविवारी कार्ड घालून घरी फोन लावला. नेमका जावेने उचलला. मी म्हटलं, "तुझी चिठ्ठी पोचवली. पहिली तुझीच. तुझ्या शब्दांत म्हटली."

 ती म्हणाली, "माझ्या शब्दांत? म्हणजे तुम्ही वाचलीत?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "वाचली. सगळ्यांच्याच वाचल्या. आणि मग धुतल्या."

सगळी हकीकत सांगेपर्यंत कार्डातली मिनिटं संपत आली. ती एवढंच म्हणाली, "मी तुमच्यासमोर कधी बोलू शकले नाही, म्हणून देवाला सांगितलं. वाईट वाटून घेऊ नका."

"वाटलं," मी म्हटलं. "पाच महिने वाटलं."

"आता?"

"आता कपाळाला टेंगूळ आहे," असं म्हणेपर्यंत लाईन तुटली.

विहिरीचं पाणी, नंतर कळलं, मी येरुशलेमला जायच्या दोन महिने आधीच सुधारलं होतं. चिठ्ठ्या तेव्हा माझ्या कपाटात होत्या. सुनेला पुढच्या वर्षी मुलगी झाली. पिणाऱ्या मुलाची दारू सुटली नाही, त्यातच तो गेला. त्याच्या आईने मला कधी काही विचारलं नाही. देवाच्या तजविजीवर मी वर्गात अर्धा तास बोलू शकायचे. ती बातमी आली त्या दिवशी मी मावशींच्या पायाशी नुसती बसून राहिले. चहा त्यांनी मला दोनदा करायला लावला, दोघींसाठी.

चार वर्षांनी मी परतले तेव्हा विमानतळावर नवऱ्याबरोबर जाऊ आली होती. गाडीत दोघी मागे बसलो. वसई येईपर्यंत आमचं दोनदा वाजलं, एकदा खिडकीच्या काचेवरून आणि एकदा तिने डब्यात आणलेल्या कालवणावरून. दोन्ही वेळा आधी मी गप्प बसले. दुसऱ्या वेळी थोड्या उशिराने.